हृदयाचे पुनर्जनन आणि प्रायोगिक प्राणी

हृद्‌रोहिणीत गुठळी अडकून हृत्स्नायूचा एखादा भाग रक्तावाचून राहिला, म्हणजे तेथील पेशी काही तासांतच मरू लागतात. प्रौढ मनुष्याच्या डाव्या निलयात सुमारे २ ते ४ अब्ज हृत्स्नायुपेशी असतात, आणि एका मोठ्या झटक्यात त्यांपैकी चतुर्थांश नष्ट होऊ शकतात. रोगी वाचला तर मृत पेशींची जागा स्नायूने भरून येत नाही. तेथे कोलॅजेनच्या धाग्यांनी विणलेला एक कठीण व्रण तयार होतो. हा व्रण निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. तो नसता तर निलयाची भिंत दाबाखाली फुटली असती. परंतु व्रण आकुंचन पावत नाही, आणि त्याच्या वाटचे काम उरलेल्या निरोगी पेशींना करावे लागते. या वाढत्या भाराने हृदय हळूहळू फुगत जाते व पुढे काही वर्षांनी हृदयनिष्फलतेचा रोगी म्हणून तोच मनुष्य पुन्हा रुग्णालयात येतो. आपल्या देशातील एकूण मृत्यूंपैकी चतुर्थांशाहून अधिक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात हे ध्यानी घेतले, म्हणजे व्रणाऐवजी स्नायू निर्माण करता येईल काय, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्राण्यांची हृदये तपासली आहेत. अशा प्राण्यास शास्त्रीय परिभाषेत ‘प्रतिमान’ म्हणतात. प्रतिमान म्हणजे मनुष्याची लहान प्रतिकृती नव्हे. प्रत्येक प्रतिमान एका ठराविक प्रश्नापुरतेच बोलके असते, आणि त्याला दुसराच प्रश्न विचारला तर ते उत्तर देते खरे, परंतु ते उत्तर फसवे असते. हृदयाच्या पुनर्जननाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहता, या क्षेत्रात जे वाद माजले त्यांतील बहुतेकांचे मूळ या एकाच ठिकाणी सापडते.

प्रथम मनुष्याच्या हृदयाबद्दलच एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रौढ हृदयात नव्या स्नायुपेशी मुळीच निर्माण होत नाहीत, असे विसाव्या शतकात बहुतेक पाठ्यपुस्तके सांगत असत. २००९ साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा समज एका विलक्षण युक्तीने तपासला. १९६३ च्या करारापूर्वी वातावरणात जे अणुस्फोट झाले त्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण एकाएकी वाढले व नंतर ते क्रमाक्रमाने उतरले. पेशी जन्मते तेव्हा तिच्या केंद्रकाम्लात त्या वर्षीच्या हवेतील कार्बनची नोंद कायमची राहते. मृत व्यक्तींच्या हृदयपेशींतील ही नोंद वाचून असे दिसून आले की, वयाच्या पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृत्स्नायुपेशी नव्या येतात, आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यावर येते. म्हणजे क्षमता शून्य नाही, पण झटक्याने एका दिवसात झालेली हानी भरून काढण्यास ती सर्वथा अपुरी आहे. अण्वस्त्रांच्या चाचण्यांनी शरीरशास्त्राला नकळत केलेली ही एकमेव मोठी मदत असावी.

ज्या प्राण्यांत ही क्षमता भरपूर आहे त्यांपैकी न्यूट या शेपटीच्या उभयचराचा क्रम पहिला लागतो. तोडलेला पाय पुन्हा उगवणारा प्राणी म्हणून तो अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहेच. १९७४ साली ओबरप्रिलर दांपत्याने प्रौढ न्यूटच्या निलयाचा तुकडा कापून पाहिला, तेव्हा जखमेच्या काठच्या स्नायुपेशी केंद्रकाम्लाचे संश्लेषण करून विभागत असल्याचे त्यांना आढळले. पूर्ण वाढलेली, आकुंचन पावणारी स्नायुपेशी विभागू शकते, हे त्या काळी मान्य करणे सोपे नव्हते. परंतु न्यूटची पिढी सावकाश वाढते आणि त्याचा जनुकसंच अवाढव्य आहे. त्यामुळे ‘असे होते’ हे त्याने दाखविले, पण ‘कसे होते’ हे विचारण्यास तो फारसा सोयीचा ठरला नाही.

ही उणीव भरून काढली ती झेब्राफिशने. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे असलेला हा मासा भारतीय उपखंडातलाच आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या गंगेतील मत्स्यांवरील ग्रंथात त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. आपल्या ओढ्यांत व भातखाचरांत सहज दिसणाऱ्या या माशाला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळाले ते मात्र अमेरिकेत. ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याचा आनुवंशिकीसाठी उपयोग सुरू केला व १९८१ साली त्यावरील त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. तीन महिन्यांत प्रौढ होणारा, एका वेळी शंभरावर अंडी घालणारा, आणि ज्याचा भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो असा हा मासा आहे. २०१३ साली त्याच्या जनुकसंचाचा जो पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला त्यावरून मनुष्याच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा किमान एक समकक्ष त्याच्यात आढळतो असे ठरले.

२००२ साली केनेथ पॉस, लिंडसे विल्सन व मार्क कीटिंग यांनी या माशाच्या निलयाच्या टोकाकडील सुमारे २० टक्के भाग कात्रीने कापून काढला. रक्तस्राव थोड्याच वेळात गुठळीने थांबला, गुठळीची जागा फायब्रिनने घेतली, आणि त्यानंतर काठच्या स्नायुपेशी विभागत जाऊन त्यांनी पोकळी भरून काढली. साठ दिवसांनंतर कापलेला भाग कोठे होता हे सहज ओळखता येत नव्हते. याच निबंधातील दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे, पण त्याचा उल्लेख कमी होतो. पेशीविभाजनास आवश्यक अशा एका जनुकात दोष असलेले मासे त्यांनी घेतले. हा दोष उष्णतेनेच प्रकट होतो. अशा माशांना उष्ण पाण्यात ठेवले असता पुनर्जनन तर झाले नाहीच, उलट जखमेच्या जागी सस्तन प्राण्यांप्रमाणे व्रण उमटला. म्हणजे व्रण आणि स्नायू हे दोन प्रतिस्पर्धी आहेत. स्नायुपेशी वेळेवर विभागल्या तर व्रणाला जागा उरत नाही, आणि त्या मागे पडल्या तर व्रण पुढे सरसावतो.

येथे एक आक्षेप लगेच घेतला गेला, आणि तो योग्यच होता. हृदयविकाराच्या झटक्यात कोणी हृदयाचा तुकडा कापून नेत नाही. मृत ऊतक जागीच राहते, तेथे दाह होतो, भक्षकपेशी जमतात. कापण्याच्या प्रयोगात मृत ऊतक फारसे नसतेच. यास्तव २०११ साली तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी शीतदाहाची पद्धत अवलंबिली. द्रव नायट्रोजनमध्ये बुडविलेली धातूची बारीक सळई निलयास काही सेकंद टेकविली की सुमारे चतुर्थांश निलय मरतो, परंतु जागेवरच राहतो. या पद्धतीत माशाच्या हृदयातही प्रथम कोलॅजेनचा व्रण तयार होतो. मात्र पुढे तो हळूहळू विरघळतो व त्याची जागा स्नायू घेतो. यास कापण्याच्या प्रयोगाहून जास्त काळ, म्हणजे सुमारे १३० दिवस लागतात. व्रण निर्माण होणे हे पुनर्जननाला कायमचे मारक नाही, ही गोष्ट या पद्धतीनेच प्रथम स्पष्ट झाली. तिसरी पद्धत शस्त्राविना आहे. डिप्थेरियाच्या विषाचे जनुक फक्त स्नायुपेशींत कार्यान्वित होईल अशी योजना केली, तर माशाच्या ६० टक्क्यांहून अधिक स्नायुपेशी एकाच वेळी नष्ट करता येतात. असे मासे पोहताना लवकर थकतात. त्यांच्यात हृदयनिष्फलतेची लक्षणे स्पष्ट दिसतात. आणि तरीही महिनाभरात ती हृदये पूर्ववत होतात. तीन इजा, तीन निरनिराळे प्रश्न. नवशिक्या विद्यार्थ्याने एका पद्धतीचा निष्कर्ष दुसऱ्या पद्धतीस सरसकट लावला, तर त्याचा निबंध परीक्षकाच्या हातून सुटणार नाही.

नवीन पेशी येतात कोठून? आरंभी असे वाटले होते की, हृदयात कोठेतरी मूळपेशींचा साठा असावा व त्यांतून नवा स्नायू घडत असावा. २००६ च्या सुमारास माशांतही असे सुचविले गेले. २०१० साली दोन स्वतंत्र संशोधक गटांनी याची निर्णायक परीक्षा घेतली. त्यांनी प्रौढ स्नायुपेशींवर जनुकीय खूण केली. ही खूण पेशीकडून तिच्या संततीकडे जाते व कधी पुसली जात नाही. मग हृदय जखमी केले. नव्या भागातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर ती खूण होती. याचा अर्थ, जुन्या स्नायुपेशीच आपली आकुंचनाची रचना अंशतः मोडून, जणू काही काळ तरुण होऊन विभागतात. एका अर्थाने ओबरप्रिलर दांपत्याने १९७४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले होते त्याचेच हे प्रमाणपत्र होय.

या क्षेत्रात महाराष्ट्रात जे काम झाले आहे त्याकडे आता वळले पाहिजे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ही १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने स्थापन झाली, आणि १९९२ पासून आपले संस्थापक संचालक, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते. वनस्पती, बुरशी व जीवाणू यांच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या या संस्थेत चिन्मय पात्रा यांच्या गटाने झेब्राफिशच्या हृदयावर संशोधन सुरू केले. त्यांचा ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात २०२१ साली आलेला निबंध (जर्मनी व अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या सहकार्याने झालेला) प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचण्यासारखा आहे; कारण त्यात प्रतिमानाचा उपयोग कसा करावा याचा चांगला वस्तुपाठ मिळतो.

त्याचा विषय आहे सीसीएन-२ए नावाचे प्रथिन. हे पेशींतून बाहेर पडून पेशींभोवतीच्या जाळ्यात, म्हणजे पेशीबाह्य आधारद्रव्यात राहते, आणि तेथून शेजारच्या पेशींना संदेश देते. पूर्वी याचेच नाव ‘संयोजी ऊतक वृद्धिघटक’ असे होते, आणि या जुन्या नावातच अडचण दडलेली आहे. सस्तन प्राण्यांत या घटकाचे नाव निघाले की व्रण, तंतुमयता, अवयव कडक होणे हीच चित्रे वैद्याच्या डोळ्यांपुढे येतात. यकृत असो, वृक्क असो वा हृदय असो, तंतुमयता वाढते तेथे हा घटकही वाढलेला आढळतो. मग जो मासा व्रण पुसून टाकतो, त्याच्या जखमी हृदयात या घटकाचे काम काय असणार? तर्काने उत्तर द्यायचे तर कोणीही म्हणेल की, माशात हा घटक दबून राहत असावा.

प्रत्यक्षात नेमके उलट घडते. इजा झाल्यावर निलयाच्या आतील अस्तराच्या, म्हणजे अंतर्हृद्‌स्तराच्या पेशी हा घटक जखमेच्या जागी निर्माण करू लागतात. ज्या माशांत हे जनुकच निकामी केलेले आहे त्यांत हृत्स्नायुपेशींचे विभाजन मंदावते व जखमी भागात त्या नीट शिरत नाहीत. या ठिकाणी संशोधकांनी एक चोख भेद केला आहे. सामान्य माशात जखमेत प्रथम नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि स्नायुपेशी या वाहिन्यांच्या आधाराने, जणू वाटाड्याच्या मागून जावे त्याप्रमाणे, पुढे सरकतात. तेव्हा घटकाच्या अभावी रक्तवाहिन्याच आल्या नाहीत व म्हणून स्नायूही आला नाही, असे स्पष्टीकरण कोणीही देऊ शकला असता. परंतु दोष असलेल्या माशांतही रक्तवाहिन्या व्यवस्थित आलेल्या दिसल्या. वाट तयार होती, वाटसरू मात्र निघाला नाही. दोष स्नायुपेशींच्या प्रतिसादात होता, हे यावरून ठरले.

उलट दिशेचा प्रयोगही त्यांनी केला. हा घटक अधिक प्रमाणात निर्माण करविला असता स्नायुपेशींचे विभाजन वाढले आणि तात्पुरता जमलेला कोलॅजेन अधिक चांगल्या रीतीने नाहीसा झाला. नुसता अभाव घातक असणे आणि आधिक्य लाभदायक असणे, हे दोन्ही सिद्ध झाल्यावाचून एखादे जनुक पुनर्जननाचे प्रेरक आहे असे म्हणता येत नाही. पहिल्याच पुराव्यावर समाधान मानणारे निबंध दुर्दैवाने पुष्कळ आहेत. यंत्रणेविषयी निबंधाचे म्हणणे असे की, हा घटक पुनर्जननास पोषक अशा आधारद्रव्याच्या जनुकांना चालना देतो, आणि टीजीएफ-बीटा या संदेशमार्गाच्या द्वारे एका रसायनग्राही जनुकास आवर घालतो. टीजीएफ-बीटा हा मार्गदेखील सस्तन प्राण्यांत तंतुमयतेचाच मार्ग म्हणून ओळखला जातो. म्हणजे मासा निराळी हत्यारे वापरत नाही. सस्तन प्राणी ज्या हत्यारांनी व्रण विणतो त्यांनीच मासा स्नायू उभा करतो. फरक हत्यारांत नसून ती केव्हा, कोणी व किती काळ चालविली यात असावा, असे अनुमान निघते. व्रणावर उपाय म्हणून या घटकाला सरसकट रोखून धरावे, असा विचार करणाऱ्या औषधशास्त्रज्ञाला हा निष्कर्ष थोडा अस्वस्थ करणारा आहे. याच घटकाचा मेरुरज्जूच्या पुनर्जननातील सहभाग २०१६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला होता व पात्रा त्या निबंधाचेही सहलेखक होते.

माशांत ही क्षमता सार्वत्रिक आहे, असा समज यावरून होईल; पण तो चुकीचा आहे. जपानी मेडाका मासा झेब्राफिशसारखाच लहान, तसाच प्रयोगशाळेत रुळलेला. परंतु त्याचे हृदय जखमेनंतर पुन्हा वाढत नाही. २०१७ साली या दोन माशांची तुलना केली असता मेडाकाच्या जखमेत भक्षकपेशी उशिरा व कमी प्रमाणात येतात असे दिसले. रोगप्रतिकाराला कृत्रिम चालना दिल्यावर मेडाकातही पुनर्जननाकडे कल दिसू लागला. याहून मनोरंजक उदाहरण मेक्सिकोतील ॲस्टियानॅक्स माशाचे. ही एकच जाती नदीत राहते आणि अंधाऱ्या गुहांतही राहते. नदीतला मासा हृदय पुन्हा घडवितो, पाचोन नावाच्या गुहेतला आंधळा मासा ते करू शकत नाही. त्याला व्रण होतो. दोघांचा संकर होऊ शकतो, त्यामुळे पुनर्जननाची क्षमता कोणत्या जनुकखंडाशी निगडित आहे हे आनुवंशिकीच्या जुन्या, खात्रीच्या पद्धतीने शोधता येते. २०१८ साली ऑक्सफर्डमधील गटाने हे करून दाखविले. तुलनेसाठी एकाच जातीत दोन्ही प्रकार सापडणे हे संशोधकाचे भाग्यच म्हणावे. आपल्याकडे पाहता, झेब्राफिशचा जवळचा नातलग जायंट डॅनियो यातही हृदय पुन्हा वाढते हे २०१२ साली दाखविले गेले आहे, आणि त्याच्या प्रजातीतील मासे सह्याद्रीच्या ओढ्यांत राहतात. त्यांच्या निरनिराळ्या वस्त्यांतील ही क्षमता तुलनेने तपासणे हा पदव्युत्तर प्रबंधास शोभेल असा विषय आहे.

मासा हा थंड रक्ताचा, दोन कप्प्यांच्या हृदयाचा प्राणी. त्याच्या निलयावरील दाब अल्प असतो. म्हणून वैद्यकाचे डोळे शेवटी सस्तन प्राण्यांकडेच लागतात. २०११ साली डॅलस येथील पोरेल्लो, सादेक, ओल्सन प्रभृतींनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या निलयाचे टोक कापले, आणि एकवीस दिवसांत ते पुन्हा भरून आल्याचे जाहीर केले. हीच शस्त्रक्रिया सात दिवसांच्या पिल्लावर केली तर मात्र व्रण राहतो. म्हणजे सस्तन प्राण्याला ही विद्या अवगत आहे. जन्मानंतर आठवड्यात ती विसरली जाते. या निबंधाने मोठी खळबळ उडाली. २०१४ साली दुसऱ्या एका गटाने हीच शस्त्रक्रिया केली असता पुनर्जनन न होता व्रणच राहिल्याचे त्यांनी कळविले, आणि काही काळ कडाक्याचा वाद झाला. नंतर अनेक प्रयोगशाळांनी मूळ निष्कर्षास दुजोरा दिला. तथापि किती ऊतक कापले, किती खोल कापले, यांवर फळ अवलंबून असते हे या वादाने शिकविले. पिल्लाचे हृदय केवढे असते याची कल्पना केली, म्हणजे एक मिलिमीटरच्या अंशाची चूक सारा प्रयोग कसा उलटवू शकते हे कळून येते. २०१८ साली डुकराच्या पिल्लांतही जन्मानंतर पहिले दोन दिवस अशीच क्षमता असल्याचे दोन गटांनी दाखविले. मनुष्याच्या बाबतीत प्रयोगाचा प्रश्नच नाही. परंतु जन्मतःच हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या एका अर्भकाचे हृदय पुढे जवळजवळ पूर्ण कार्यक्षम झाल्याची वैद्यकीय नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे.

ही विद्या का विसरली जाते? जन्मानंतरच्या दिवसांत उंदराच्या स्नायुपेशी केंद्रकाम्ल दुप्पट करतात पण विभागत नाहीत, आणि द्विकेंद्रकी होतात. मनुष्यात त्या बहुधा एककेंद्रकी राहून बहुगुणित होतात. झेब्राफिशच्या स्नायुपेशी मात्र जवळजवळ सर्वच द्विगुणित असतात, आणि त्या मुद्दाम बहुगुणित केल्यास माशाचेही पुनर्जनन खुंटते. २०१९ साली एकेचाळीस जातींच्या हृदयांची तपासणी करून असे मांडले गेले की, उष्ण रक्त व अवटुग्रंथीच्या स्रावाचे आधिक्य जेथे आहे तेथे द्विगुणित पेशी कमी आहेत. शरीर उबदार राखण्याच्या मोबदल्यात हृदय पुन्हा घडविण्याची शक्ती सस्तन प्राण्यांनी गमावली असावी, हा या कल्पनेचा मथितार्थ. जन्मानंतर श्वासाबरोबर येणाऱ्या प्राणवायूचाही यात हात असावा. प्रौढ उंदरांना क्रमाक्रमाने प्राणवायू कमी करीत ७ टक्क्यांवर आणून दोन आठवडे ठेवले असता त्यांच्या हृत्स्नायुपेशी काही अंशी विभागू लागल्याचे २०१७ साली आढळले. एव्हरेस्टच्या शिखरावरील हवेशी तुलना करण्याजोगी ही स्थिती आहे; ती रोग्यास द्यावी असे कोणी सुचविणार नाही, परंतु कार्यकारणाचा धागा त्यातून हाती लागतो.

या विषयाच्या इतिहासातील एक प्रकरण टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. २००१ साली ‘नेचर’मध्ये असा दावा आला की, अस्थिमज्जेतील मूळपेशी उंदराच्या जखमी हृदयात सोडल्या असता त्यांतून नवा स्नायू उगवतो. पियेरो अँव्हर्सा यांच्या गटाने पुढे प्रौढ हृदयातच सी-किट या खुणेच्या मूळपेशी असल्याचे सांगितले. बातमी आशेची होती, आणि ती फार लवकर रुग्णालयांत पोहोचली. मानवी चाचण्या सुरूही झाल्या. परंतु २००४ साली दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग जनुकीय खुणेसह केला असता अस्थिमज्जेच्या पेशींतून स्नायू होत नाही असे दिसले, आणि २०१४ साली सी-किट पेशींतून येणारे स्नायूचे प्रमाण नगण्य असल्याचे सिद्ध झाले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यक विद्यालय व संबंधित रुग्णालयाने या गटाचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. त्यांत खोट्या वा बनावट सामग्रीचा अवलंब झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. मधल्या सतरा वर्षांत किती विद्यार्थ्यांचे श्रम व किती रोग्यांची आशा या मार्गावर खर्ची पडली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, माशावरील प्रयोगांनी २०१० सालीच निराळे उत्तर दिले होते. ‘तो तर मासा’ म्हणून ते बाजूस सारले गेले.

याच्या उलट टोकाचा धडा डुकरावरील प्रयोगाने दिला. मोजकी सूक्ष्म आरएनए हृत्स्नायुपेशींना विभागण्यास भाग पाडतात हे उंदरांत ठाऊक झाले होते. २०१९ साली इटलीतील शास्त्रज्ञांनी त्यांपैकी एक, मिर-१९९ए, हृदयविकाराचा झटका दिलेल्या डुकरांच्या हृदयात विषाणूच्या वाहनाने पोहोचविले. महिन्याभरात व्रण लहान झाला, स्नायू वाढला, आकुंचन सुधारले. येथेच निबंध संपविला असता तर तो विजयवार्ता ठरला असता. परंतु त्यांनी जनावरे अधिक काळ पाहिली, आणि पुढे त्यांतील बहुसंख्य डुकरे हृदयताल बिघडून एकाएकी मरण पावली. संदेश थांबविण्याची सोय नसल्याने पेशी अपरिपक्व अवस्थेतच वाढत राहिल्या होत्या. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देते व ते इतके लहान असते की, तालाचा असा बिघाड त्यात टिकून राहणे अवघड. म्हणून हा धोका उंदराने दाखविलाच नसता. मोठ्या प्राण्याची किंमत, जागा, शुश्रूषा हे सारे परवडत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरीच आहे. पण जी गोष्ट फक्त मोठ्या हृदयातच दिसते ती पाहण्याचा दुसरा मार्ग नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीचे कारखाने व संशोधनशाळा आहेत आणि शहरात विद्यापीठ व वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेव्हा झेब्राफिशची लहानशी प्रयोगशाळा या परिसरात उभी करणे अशक्य नाही. तिच्या अडचणी मात्र युरोपातील पुस्तकांत सांगितल्यापेक्षा वेगळ्या असतील. तेथे माशाचे पाणी २८.५ अंश सेल्सिअसवर ठेवण्यासाठी तापवावे लागते. येथे वैशाखात ते थंड करावे लागेल. ही किरकोळ बाब नव्हे. पाण्याच्या तपमानावर पुनर्जननाचा वेग अवलंबून असतो, आणि वर सांगितलेल्या दोषयुक्त माशांसारख्या जातींत तर काही अंशांच्या फरकाने निकाल उलटा लागतो. मार्चात केलेला प्रयोग आणि मेमध्ये केलेला प्रयोग यांची तुलना करावयाची असेल, तर दररोजच्या तपमानाची लेखी नोंद हा निबंधाचाच भाग समजला पाहिजे. जायकवाडीहून येणाऱ्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना मारक आहे आणि विंधनविहिरीचे पाणी बहुधा कठीण. म्हणून क्षार काढून घेतलेल्या पाण्यात मोजून मीठ मिसळणे व तेच पाणी गाळून पुन्हा फिरविणे भाग आहे. वीज गेल्यावर हवेचे पंप चालू राहतील अशी व्यवस्थाही हवी. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीकडे संस्थेची नोंदणी आणि संस्थात्मक प्राणी-नीती समितीची पूर्वसंमती या गोष्टी पहिला मासा आणण्यापूर्वीच व्हाव्या लागतात. संमतीच्या अर्जात इजेची पद्धत, बधिरीकरणाचे द्रव्य, माशांची संख्या व ती तेवढीच का, हे लिहावे लागते. नुसती छाती उघडून शिवलेल्या तुलना-गटाच्या माशांची संख्याही त्यातच धरावी, आणि छेदांवरील पेशी मोजणाऱ्यास कोणता मासा कोणत्या गटातला हे मोजणी पुरी होईपर्यंत कळू देऊ नये.